बिनशिक्क्याचे कागद आणि दीर्घकाळाचा इतिहास

बीडाहून दक्षिणेस निघालेली वाट बिंदुसरेच्या खोऱ्यांतून चढत जाते व घाट संपतांच मांजरसुंबा हें गांव लागतें. येथें बालाघाटाचें पठार सुरू होतें. येथून एक वाट धाराशिवावरून सोलापुरास, दुसरी केज-अंबाजोगाईकडे व तिसरी पाटोद्यावरून नगराकडे जाते. वाटांप्रमाणेंच पावसाचें पाणीही या टापूंत वांटलें जातें. उत्तरेच्या उतारावर पडलेलें पाणी बिंदुसरेवाटे सिंदफणेस व पुढें गोदावरीस मिळतें. पठारावर दक्षिणेकडे वळलेलें पाणी मांजरेस मिळून, मोठा वळसा घेऊन, शेवटीं त्याच गोदावरींत जातें. जवळच कपिलधार येथें मन्मथस्वामींची समाधि असल्यामुळें वीरशैव यात्रेकरूंची तेथें ये-जा असते. एरवीं वाटसरू या तिठ्यावर घटकाभर टेकतो आणि पुढें जातो.

आमच्या इतिहासानेंही तसेंच केलें आहे. मांजरसुंब्याच्या उत्तरेस गोदातीरीं राक्षसभुवन आहे. तेथें ता. १० ऑगस्ट १७६३ रोजीं माधवराव व राघोबादादा यांनीं निजामाच्या फौजेचा पराभव केला व दिवाण विठ्ठल सुंदर रणांत पडला. नैर्ऋत्येस खर्डा आहे. तेथें ता. ११ मार्च १७९५ रोजीं पेशव्यांच्या व सरदारांच्या एकवटलेल्या फौजांनीं निजामअलीस कोंडलें व तह करावयास लावलें. या दोन रणभूमींच्या मधला प्रदेश म्हणजे हा घाटमाथा. दोन्हीं लढायांवर विपुल लेखन झालें आहे. मधल्या भूमीवर कोणी फारसें लिहिलेलें नाहीं.

आतां वाचकांनीं या दोन लढायांकडे जरा निराळ्या दृष्टीनें पाहावें अशी आमची विनंति आहे. राक्षसभुवनची लढाई श्रावणांतली. गोदावरी भरून वाहत होती. निजामाचें निम्में सैन्य पैलतीरीं उतरलें आणि निम्में अलीकडे अडकलें. जें अलीकडे राहिलें त्याचा नाश झाला. खर्ड्याची लढाई फाल्गुनांतली. घाटमाथ्यावरील ओढे त्या दिवसांत आटलेले असतात. किल्ल्याच्या आश्रयास गेलेल्या निजामाच्या छावणीस दाणापाणी मिळेना व दोन-तीन दिवसांत तिचा धीर सुटला. पहिल्या प्रसंगीं पाणी फार झालें आणि दुसऱ्या प्रसंगीं तें पुरेनासें झालें. मध्यंतरीं बत्तीस वर्षें गेलीं, पेशवे बदलले, मुत्सद्दी बदलले. पण श्रावणांत गोदावरीस पूर येणें व फाल्गुनांत बालाघाट कोरडा पडणें हें बदललें नाहीं. तें सातवाहनांच्या वेळींही तसेंच होतें. हें जें न बदलणारें किंवा अत्यंत सावकाश बदलणारें, तें इतिहासाचा विषय आहे कीं केवळ भूगोलाचा? हाच प्रश्न फ्रान्स देशांतील कांहीं इतिहासकारांनीं गेल्या शतकांत विचारला, आणि त्याच्या उत्तरासाठीं एक नवें संशोधनशास्त्र उभें केलें. त्या शास्त्राचा आम्हां जुने कागद जमविणाऱ्यांच्या उद्योगाशीं अगदीं निकटचा संबंध आहे, म्हणून हा लेख.

इ. स. १९२९ च्या जानेवारींत स्ट्रासबर्ग येथील विश्वविद्यालयांतल्या दोन अध्यापकांनीं, ल्यूसिएँ फेव्र व मार्क ब्लॉक यांनीं, आर्थिक व सामाजिक इतिहासास वाहिलेलें एक नियतकालिक काढलें. त्याचें नांव ‘आनाल’, म्हणजे वार्षिक वृत्तांत. राजे, तह, लढाया व मंत्रिमंडळें यांच्या तारखा लावणें एवढेंच इतिहासाचें कार्य मानणाऱ्या तत्कालीन पंडितांशीं त्यांचा झगडा होता. त्यांचें म्हणणें असें कीं, भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व भाषाशास्त्र यांच्या भिंती पाडून सबंध समाजाचा इतिहास लिहिला पाहिजे. ब्लॉक यानें १९३१ सालीं फ्रान्सच्या ग्रामीण इतिहासावर ग्रंथ लिहिला. त्याची रीति आम्हांस विशेष उद्बोधक वाटते. आज डोळ्यांसमोर असलेल्या शेतांच्या आकारांवरून व बांधांवरून आरंभ करून, ज्ञाताकडून अज्ञाताकडे, तो मागें मागें जातो. संस्कृतांत शब्दाच्या सिद्ध रूपावरून धातूकडे जाण्याची जी शिस्त आहे, तिच्याशीं ही पद्धति जुळती आहे.

ब्लॉकचा अंत चटका लावणारा आहे. पन्नाशी उलटल्यावर १९३९ सालीं तो सैन्यांत दाखल झाला. फ्रान्स पडल्यावर गुप्त प्रतिकार-चळवळींत शिरला, मार्च १९४४ मध्यें पकडला गेला व ता. १६ जून १९४४ रोजीं जर्मनांनीं त्यास गोळ्या घालून मारलें. इतिहासकाराच्या व्यवसायावर तो लिहीत असलेलें पुस्तक अपुरेंच राहिलें. तें फेव्र यानें १९४९ सालीं प्रसिद्ध केलें.

त्याच १९४९ सालीं फेर्नां ब्रोदेल याचा भूमध्य समुद्रावरील महाग्रंथ बाहेर पडला. ब्रोदेल आरंभीं अल्जीरियांत शाळामास्तर होता, हें आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकास सांगावेंसें वाटतें. महायुद्धांत तो १९४० ते १९४५ पर्यंत जर्मनांच्या बंदिवासांत होता. टिपणें जवळ नसतां, बहुतांशीं स्मरणाच्या आधारें, त्यानें वह्यांमागून वह्या भरल्या व त्या फेव्रकडे पाठविल्या. त्यांतून हा ग्रंथ सिद्ध झाला. त्याचा विषय स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा काळ. परंतु राजा पुढें न आणतां त्यानें प्रथम पर्वत, पठारें, मैदानें, बेटें व ऋतु यांचें वर्णन केलें. दुसऱ्या भागांत लोकसंख्या, व्यापार, नाणें व राज्यसंस्था आणि तिसऱ्यांत लढाया व तह. म्हणजे काळाचे त्यानें तीन वेग मानले: जवळजवळ स्थिर असा भूमीचा काळ, पिढ्यांच्या मापानें चालणारा समाजाचा काळ, आणि दिवसांच्या मापानें धांवणारा घटनांचा काळ. पुढें १९५८ सालच्या एका निबंधांत त्यानें पहिल्यास ‘दीर्घकाल’ असें नांव देऊन त्याचें समर्थन केलें.

हेंच आपण मांजरेच्या दृष्टांतानें पाहूं. एखाद्या वर्षीं लोट येतो, झाडें उन्मळतात, लोक तें वर्ष ध्यानांत ठेवतात. नदीचें पात्र मात्र पिढ्यान्‌पिढ्या थोडें थोडें सरकत असतें. तें सरकलेलें नातवाच्या ध्यानीं येतें. आणि तळाशीं जो काळा खडक आहे, तो पात्र कोठवर सरकेल हें ठरवितो. आमच्या बखरी लोटाच्या आहेत. पात्राचा व खडकाचा वृत्तांत आम्हीं अद्याप पुरता लिहिलेला नाहीं.

घाटमाथ्यापुरतें बोलावयाचें तर खडकाचा वृत्तांत नांवांतच दडलेला आहे. मोंगली कागदांत ‘बालाघाट’ व ‘पाईंघाट’ असे शब्द येतात. म्हणजे घाटावरचा मुलूख व घाटाखालचा मुलूख. ही विभागणी कोणा सुभेदारानें कल्पिलेली नव्हे. ती भूमीनें केली व दफ्तरांनीं स्वीकारली. निजामशाही गेली, मोंगल आले. आसफजाही आली व १९४८ च्या सप्टेंबरांत तीही संपली. १९५६ सालीं जिल्हा मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्र राज्यांत आला. परंतु खालीं गंगथडीची काळी व वर माथ्यावरची हलकी जमीन हा भेद तसाच राहिला. बीडाच्या दक्षिणेस याच वाटेवर निजामशाही अमदानींतील, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांतली, खजाना विहीर आहे. जमिनीखालून काढलेल्या बोगद्यांनीं तिचें पाणी शेतांस पोंचविलें आहे. तिच्या कालव्यावर भिजलेल्या शिवारानें किती राजवटी पाहिल्या याचा हिशेब करावा, म्हणजे दीर्घकाल म्हणजे काय तें कळतें.

दुसरें उदाहरण माणसांचें. ब्रोदेल सांगतो कीं, डोंगर नेहमीं मैदानास माणसें पुरवितात. कोणी मेंढरें घेऊन उतरतो, कोणी हंगामी मजूर म्हणून, तर कोणी शिपाई म्हणून. बालाघाटाविषयीं हें अक्षरशः खरें आहे. धनगर मेंढरें घेऊन ऋतुमानाप्रमाणें फिरत, लमाण बैलांच्या तांड्यांवर धान्य व मीठ वाहत. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत सहकारी साखर कारखाने वाढल्यापासून याच जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस पश्चिमेकडे जातात व उन्हाळ्यांत परततात. वर्तमानपत्रें यास आजची समस्या म्हणून मांडतात, आणि ती तशी आहेच. पण पोटासाठीं घाट उतरण्याची रीति कारखान्यांहून पुष्कळ जुनी आहे. ती किती जुनी, कोणत्या दुष्काळानंतर वाढली, कोणत्या काळांत ओसरली, हें सांगणें इतिहासकाराचें काम आहे. आणि तें सनदांवरून सांगतां येणार नाहीं.

मग तें कशावरून सांगावें? येथें फ्रेंचांच्या उद्योगाचा दुसरा, आमच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचा भाग येतो. एर्नेस्त लाब्रूस यानें १९३३ सालीं अठराव्या शतकांतील धान्याच्या भावांचा व उत्पन्नांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाजारांतील निरखांच्या नोंदी त्यानें वर्षानुवर्षें लावल्या, आणि राज्यक्रांतीच्या वेळीं, १७८९ च्या जुलैंत, धान्याचे भाव शिखरास पोंचले होते असें दाखविलें. पिएर गुबेर यानें १९६० सालीं बोव्हे या प्रांताविषयीं असेंच काम केलें. फ्रान्समध्यें १५३९ च्या राजाज्ञेनें धर्मोपदेशकांनीं बाप्तिस्म्याची नोंद ठेवावी असें ठरलें. पुढें विवाह व दफन यांचीही नोंद होऊं लागली. या वह्यांवरून धान्य महागतांच मृत्यु कसे वाढत व लग्नें कशीं थांबत, हें गुबेरनें मांडलें. एमान्युएल ल रुआ लादुरी यानें तर १९६७ सालीं हवामानाचा इतिहास लिहिला. त्याचें एक साधन कोणतें? गांवोगांव द्राक्षांची तोडणी कोणत्या दिवशीं सुरू करावी याविषयींचे ठराव! तोडणी लवकर झाली तर उन्हाळा कडक गेला, उशिरां झाली तर थंड गेला.

या सर्व साधनांत एक गोष्ट समान आहे. त्यांपैकीं एकही कागद एकटा असतां कांहीं सांगत नाहीं. अमुक दिवशीं ज्वारीचा भाव अमुक होता, एवढ्यानें कोणाचें समाधान होईल? परंतु तसे तीनशें कागद एका ठिकाणचे, क्रमानें लागलेले मिळाले, तर तें राजपत्राहून बोलकें साधन होतें. सनद एकटी बोलते. हिशेब मालिकेंत बोलतो. जो सनद फाडतो तो एक कागद नष्ट करतो, परंतु जो रुमाल विसकटतो तो त्यांतील प्रत्येक कागद मुका करतो.

आमच्याकडे असें साधन नाहीं असें कोणी म्हणेल, तर तें बरोबर नव्हे. बाप्तिस्म्याच्या वह्या आम्हांजवळ सर्वत्र नाहींत, पण त्र्यंबक, नाशिक व पैठण येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचीं कुळें नोंदलेलीं आहेत. परगण्यांचे ताळेबंद, गांवचे जमाखर्च व कुळझाडे, लावणीपत्रकें, जकातीच्या रकमा, बाजाराचे निरख, सावकारांच्या कीर्दी-खतावण्या हें सर्व आमच्या जुन्या वाड्यांत होतें व थोडेंफार आहे. पत्राच्या शेवटीं येणारें पर्जन्याचें वर्तमान आम्ही सहसा वाचीतच नाहीं. लादुरीनें तेंच प्रथम वाचलें असतें. कौल व इस्तावा यांचें उदाहरण घ्या. पडीत जमीन पुन्हां वहितीस यावी म्हणून सारा पहिल्या वर्षीं हलका व पुढें चढता ठेवण्याचा हा करार. एक इस्तावा म्हणजे एका कुळाची सवलत. पण एका परगण्यांत एकाच सुमारास बरेच इस्तावे दिलेले आढळले, तर त्या आधीं तो मुलूख उजाड झाला होता, हें त्यावरून सिद्ध होतें.

खर्ड्याकडे पुन्हां वळूं. १७९१-९२ सालीं दक्षिणेंत भयंकर दुष्काळ पडला. प्रेतें जाळावयास वा पुरावयास कोणी उरलें नाहीं, म्हणून लोक त्यास ‘कवटीचा दुष्काळ’ म्हणूं लागले. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनीं दोन प्रचंड फौजा हत्ती, घोडे व बाजारबुणगे घेऊन या माथ्यावर उतरल्या. त्या वर्षीं येथें वैरण काय भावानें मिळाली, किती गांवें पडीत होतीं, फौजा गेल्यावर पुढच्या मृगास पेरणीचें बीं कोणापाशीं होतें, हें समजल्यावांचून खर्ड्याचा वृत्तांत पुरा होत नाहीं. आणि याचें उत्तर नाना फडणिसांच्या पत्रांपेक्षां एखाद्या कुळकर्ण्याच्या जमाखर्चांत मिळण्याचा संभव अधिक.

येथें आम्हांस स्वतःचा एक दोष सांगणें प्राप्त आहे. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं, शाळेच्या सुटींत, घाटमाथ्यावरील एका गांवीं कुळकर्णी घराण्याच्या वाड्यांत आम्हांस चार रुमाल पाहावयास मिळाले. घरांत एकट्या आजीबाई होत्या. त्यांनीं माळ्यावरून रुमाल काढवून विश्वासानें आमच्यापुढें ठेवले. आम्हीं दोन दिवसांत ते चाळून शिक्क्यामोर्तबाचे सात कागद निवडून घेतले. बाकीचे दाणे, वैरण, गूळ, तेल, बिगारी, धारा अशाच नोंदींचे होते. एक बंद तेवढा आम्हांस स्मरतो: एकाच हातचें मोडी अक्षर, महिन्यांचीं नांवें एकाखालीं एक, व समोर ज्वारीचा भाव. त्याचें साल वाचण्याचेही कष्ट आम्हीं घेतले नाहींत. “यांत विशेष कांहीं नाहीं, आजी,” असें सांगून आम्ही निघालों.

तीन वर्षांनीं पुन्हां जाणें झालें. पावसांत वाड्याची एक भिंत पडली होती. रुमालांची चौकशी केली तेव्हां आजीबाई म्हणाल्या, “गुरुजी, ते भिजले, मग वाळवून बंबांत घातले. तुम्हीच म्हणालांत ना, यांत कांहीं नाहीं म्हणून?” त्यांच्या बोलण्यांत रोष नव्हता, त्यांनीं आमचा शब्द प्रमाण मानला होता. आम्हीं आणलेल्या सात कागदांपैकीं तीन एकाच वतनपत्राच्या नकला निघाल्या. पुढें लाब्रूसच्या कामाचें विवरण प्रथम वाचनांत आलें, त्या रात्रीं तो भावांचा बंद डोळ्यांसमोरून हलेना.

ही चूक आमच्या एकट्याची नव्हे. ती आमच्या पिढीच्या दृष्टीची होती, आणि ती होण्यास वास्तविक कारण नव्हतें. ‘आनाल’ निघण्यापूर्वीं चौदा वर्षें, १९१५ सालीं, त्रिंबक नारायण आत्रे यांनीं ‘गांवगाडा’ लिहून कुणबी, बलुतेदार व फिरस्ते यांचे परस्परसंबंध उलगडले होते. जुन्या कागदांसाठीं गांवोगांव पायपीट करणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापलीं. परंतु विवाहसंस्था, ग्रामनामें व वसाहती यांकडेही त्यांची बुद्धि धांवत होती. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिती. त्यांनीं पुण्याभोंवतालच्या टेकड्या पायीं तुडवून, जुन्या वाटा, लेणीं व ग्रामदेवतांचीं ठाणीं यांचा संबंध जोडला व १९५६ आणि १९६२ सालच्या ग्रंथांतून तो मांडला. पुढें हिरोशी फुकाझावा या जपानी पंडितानें मराठी कागदांच्या आधारें दक्षिणेंतील शेतकरी व ग्रामव्यवस्था यांवर निबंध लिहिले. ते १९९१ सालीं ग्रंथरूपानें निघाले. आमचेच कागद परकीयानें अधिक बारकाईनें वाचावे, यांत त्याचें कौतुक आहे व आम्हांस बोध आहे. रुमालांत मुळींच न येणारा असा एक वर्ग स्त्रियांचा. त्यांच्या जात्यावरच्या ओव्या गी पोइत्व्हाँ या फ्रेंच गृहस्थानें व हेमा राईरकर यांनीं गांवोगांव फिरून लाखाच्या संख्येनें जमविल्या. बीड जिल्ह्यांतील माजलगांवींही त्यांनीं ध्वनिमुद्रण केलें.

या पद्धतीस आक्षेपही आहेत व ते दडवूं नयेत. ब्रोदेलच्या ग्रंथांत डोंगर व समुद्र इतके मोठे होतात कीं, माणसाचा संकल्प क्षीण दिसूं लागतो. राक्षसभुवनीं गोदावरीस पूर होता हें खरें. पण त्या क्षणीं चालून जाण्याचा निश्चय तरुण माधवरावांनीं केला नसता तर पूर ओसरला असता आणि लढाई झालीच नसती. दीर्घकाल संधि व मर्यादा ठरवितो, निर्णय ठरवीत नाहीं. दुसरें, आंकड्यांची भुरळ वाईट. पायली, मण व खंडी यांचीं मापें परगण्यापरगण्यांस निराळीं. नाण्यांत हाली सिक्का निराळा, चांदवडी निराळा. साल वाचतांनाही सावध असावें: सुहूर सनांत ५९९ वा ६०० आणि फसली सनांत ५९० वा ५९१ मिळविल्यावांचून इसवी सन येत नाहीं. सुहूर सन मृगापासून बदलतो, म्हणून एकाच इसवी सनांत दोन सन येतात. ज्यानें हें पाहिलें नाहीं त्यानें भावांची कोष्टकें करूं नयेत.

सारांश, संग्राहकांस आमची विनंति तीन कलमांत आहे. पहिलें, रुमाल मिळाल्यास तो मूळ बांधणींत ठेवावा. निवड करून चांगले कागद वेगळे काढूं नयेत, आणि काढावेच लागले तर मूळ जागीं चिठी ठेवावी. दुसरें, कागद कोणत्या गांवीं, कोणत्या घराण्यांत, कोणत्या कागदांशेजारीं मिळाला हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. गांवाचें नांव तुटलेला निरख निरर्थक आहे. तिसरें, वाडेवाल्यांस बोलतांना आमच्यासारखें “यांत कांहीं नाहीं” असें कधींही म्हणूं नये. ज्या घरीं आपण परत जाणार नाहीं, तेथें तें वाक्य कागदांवर आगीसारखें काम करतें.

मांजरसुंब्याच्या तिठ्यावर उभें राहिलें असतां खालीं गंगथडीपर्यंत दृष्टि जाते. एका बाजूस राक्षसभुवन, दुसरीस खर्डा. मधल्या गांवांच्या माळ्यांवर अद्याप कांहीं रुमाल आहेत असें आमच्या ऐकण्यांत आहे. येत्या मार्गशीर्षांत, वाटा कोरड्या झाल्यावर, आम्ही एक-दोन विद्यार्थ्यांसह तेथें जाणार आहों. या वेळीं ज्वारीच्या भावाचा बंद मिळाला तर आधीं त्याचें साल वाचूं.